दोन आडोसे

एकोणीस वर्षं मी गारवा विकतोय.
मनामा, रिफा, मुहर्रकच्या गल्ल्या,
गच्चीगच्चीवर माझ्या पान्यांचे ओरखडे.
ऑगस्टात शिडीचं लोखंड तळहात सोलतं
आणि खाली कुणीतरी रजई ओढून झोपलेलं असतं.

आणि हा याकूब, अठराचा पोरगा, म्हणतो,
उस्ताद, मला ऊब करून दे.

त्याच्या मांडीवर उशीचा अभ्रा, तोंडाला गाठ.
आत काहीतरी सावकाश कूस बदलत होतं.
आमच्याकडे दिवेलागणीनंतर नाव घेत नाहीत,
लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात.
अजगराला माझी आई म्हणायची आर,
तेसुद्धा कोंबड्या मोजून, कडी घालून झाल्यावर.
याकूब म्हणाला, हिचं नाव लूलू. म्हणजे मोती.
आफ्रिकेतली जात. घाबरली की गोळा होते,
डोकं मधोमध लपवते, चावतबिवत नाही.

चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच.
मरीन प्लाय, सांध्यांत सिलिकॉन,
पुढून सरकती काच, काचेला कुलूप,
कारण हात नसले तरी फट सापडते तिला.
मग आठवडाभर पेटी नुसतीच उघडी ठेवली.
नव्या घराचा वास माणसाला आवडतो,
तिच्या फुप्फुसाला तो बाधतो.

मी म्हटलं, खाली तापता दगड ठेवू की, सोपं पडेल.
पोरगा हसला. नको उस्ताद,
पोट भाजलं तरी हिला कळत नाही, उठत नाही ती.
मी शिडीकडे बघितलं. काही बोललो नाही.

मग ऊब वरून सोडली, उजेड नसलेली, जाळीच्या आड.
या टोकाला बत्तीस, त्या टोकाला सव्वीस,
तारेच्या टोकाशी तांदळाएवढा सेन्सर,
पारा चढला की थर्मोस्टॅट म्हणतो, टक्.
खोलीतला एसी मी स्वतः वळवला,
झोत पेटीवर येता कामा नये.
माझाच एसी, आणि मीच त्याला सांगतोय, तिकडे बघ.

तळाला पसरायला त्यानं पिशवी आणली,
श्रीलंकेचा शिक्का, अडीच दिनार.
कात्रीनं फोडली तर सोडणांचा भुसा!
ज्यावर आमच्याकडे आंघोळीचं पाणी तापतं ती सोडणं.
मी ओंजळ नाकाशी धरून उभा राहिलो,
याकूबला वाटलं, बुरशी तपासतोय.
त्यावर पाणी शिंपडायचं, हवा दमट ठेवायची,
नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

शेवटी दोन आडोसे. अगदी सारखे,
एकच माप, एकच अंधार, तेवढंच बुटकं दार.
एक उबेत, एक गारव्यात.
मी विचारलं, एकटीला दोन कशाला?
म्हणाला, एकच दिला तर तिला निवडावं लागेल,
अंग शेकायचं की लपायचं.
भित्रं जनावर लपणंच निवडतं
आणि आतल्या आत गारठत जातं.

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं,
स्क्रू दातांत धरून.

पहिल्या रात्री फोन आला.
दोन्ही आडोसे रिकामे, लूलू पाण्याच्या कुंड्यामागे.
आता आठवडाभर हात लावायचा नाही, म्हणाला,
खायलाही द्यायचं नाही.
आमच्यात पाहुणा चपला काढतो तोवर ताट येतं.

गुदैबियातल्या खोलीत आम्ही सहा जण.
रिमोट रफीकच्या उशाखाली, अठरावर.
मी गुडघे पोटाशी घेतले, चादर नाकापर्यंत,
आणि कान देऊन पडून राहिलो.
टक् वगैरे काही झालं नाही.

तीन आठवड्यांनी फोटो आला.
कात, अखंड, उलट्या मोज्यासारखी,
डोळ्यांवरच्या चकत्यांसकट.
मी विचारलं, कुठल्या आडोशात टाकली?
उत्तर यायला वेळ लागला, बहुधा जेवत असावा.
कुठल्याच नाही, उस्ताद.
मधे. उघड्यावर.