गच्चीवरची मोजणी

परवा घुले एजंट टीपॉयवर कागद ठेवून गेला.
बावधन, अकरावा मजला, पाचशे बारा चौरस फूट कार्पेट.
दोन लिफ्ट. त्यातली एक
स्ट्रेचर मावेल एवढी.
हे शेवटचं त्यानं आवाज खाली आणून सांगितलं,
मुलीकडच्यांना मुलाचं खरं वय सांगावं तसं.

मी छत्तीस वर्षं भूमी अभिलेखात होतो.
भावाभावांच्या मधून साखळी ओढली,
बांधावरच्या शिव्या खाल्ल्या,
आणि पेन्शन बसल्यावर सूसला, टेकडीच्या उतरणीवर,
हे घर बांधलं. फंड, ग्रॅच्युइटी,
कुंदाच्या चार पाटल्या.
बदली होणार नाही असं आमचं पहिलं घर.

आता तिचा डावा गुडघा
दर पायरीला हरकत नोंदवतो.
सतरा पायऱ्या. मध्ये एकदा ती थांबते,
कठड्यावरची धूळ पुसतेय असं दाखवते.
आमचा कठडा लखलखीत असतो.

काल ऊन कललं तेव्हा
जुना कापडी टेप काढला, खडू घेतले,
आणि गच्चीवर तो फ्लॅट आखला.
एकास एक प्रमाण.
असला नकाशा जन्मात काढला नव्हता.
हॉल दहा बाय पंधरा. ओटा सात फूट.
पाण्याच्या टाकीच्या अलीकडे बाल्कनी,
टाकीपासून पुढे अकरा मजले खोल.

कुंदा आली. लिफ्टचं घर बघायला
चौतीस पायऱ्या चढून.
थेट ओट्यापाशी जाऊन उभी.
म्हटलं, भिंतीतून आलीस. दार तिकडं.
ती मागे फिरली, चपला काढल्या,
दारातून आली.

मग सामान लावलं, तोंडी.
कपाट इथं. म्हणजे पलंग तिरका.
माझे नकाशांचे गठ्ठे, दुसऱ्यांच्या शेतांचे,
ज्यांतल्या निम्म्यांवर आता टॉवर उभे आहेत,
ते कुठंच बसेनात.
शिलाई मशीन तिनं स्वतःच नको म्हटलं,
पण त्या कोपऱ्यातून हलली नाही,
जागा धरून ठेवल्यासारखी.

अश्लेषा पोरांना घेऊन आली तर?
हॉलमध्ये गाद्या.
वर्षातून राहते किती रात्री, हडपसरहून येऊन?
मी मोजल्या. तीन.
चार, कुंदा म्हणाली. गौरींना राहिली होती.
चार. दुरुस्ती केली.

अंजिराचं नाव कुणीच काढलं नाही.
ते खाली, मागच्या अंगाला.
बुलबुलांचं भांडण तेवढं वर ऐकू येत होतं.

दिवेलागणीला बाल्कनीत दोन खुर्च्या मांडल्या.
तीन बाय सहा. चहाचे कप मांडीवर.
तिचा डावा गुडघा माझ्या उजव्याला टेकला.
म्हणाली, इतकं जवळ तर आपण
जुन्नरच्या भाड्याच्या खोलीतसुद्धा बसायचो नाही.
तक्रार होती की काय होतं, कळलं नाही.
तोंड अंधारात होतं.

मोजणी संपली की मी दोन्हीकडच्यांना विचारायचो,
हद्द मान्य? मान्य असेल तर सही,
सही येत नसेल तर अंगठा.
काल विचारलं नाही.

आज सकाळी ती कपडे वाळत घालायला वर निघाली.
मी मागून बादली घेऊन.
सतरा, थांबणं, पुन्हा सतरा.
दोरी टाकीपाशी. रोजची वाट
आता नेमकी हॉलच्या मधून जाते.
रेषेपाशी ती थांबली.
मग वळसा घालून दाराकडे गेली, दारातून आत,
आणि ओला टॉवेल तसाच हातात धरून
पश्चिमेच्या भिंतीसमोर उभी राहिली,
जिथून आपली टेकडी दिसते.

इथं खिडकी आखायची राहिली, म्हणाली.
खडू आहे का हो?

खडू खिशातच होता.
मी लगेच दिला नाही.