चार चौगुले

सांगलीच्या मार्केट यार्डात, काट्याच्या दुकानावरची खोली.
कीबोर्डच्या फटींत हळद,
एंटर दाबला की बोट पिवळं.

मगदूमशेठ म्हणाले होते, सौद्याचे दर दोन ठिकाणी गेले पाहिजेत,
एक सर्व्हर पडला तर दुसरा.
नावंही त्यांनीच ठेवली: राजापुरी आणि सेलम.
मी सी-मध्ये लिहायला बसले.
काट्याच्या जुन्या यंत्राला दुसरी भाषा कळत नाही.

गेटहोस्टबायनेम. नाव द्या, पत्ता घ्या.
राजापुरी विचारलं. मिळाला. पॉइंटर जपून ठेवला.
सेलम विचारलं. मिळाला. तोही ठेवला.
छापून पाहिलं तर दोघांचा पत्ता एकच,
शेवटच्या आकड्यापर्यंत.

तीन रात्री नेटवर्कवाल्याला शिव्या.
केबल बदलली.
राउटर उपडा करून आपटला, त्यातूनही हळदच सांडली.

दस्तगीर शिकलगार चहा घेऊन वर आले,
हरिपूर पोस्टातून निवृत्त, आता यार्डाची रातपाळी.
"नवा होतो तवा," म्हणाले,
"पोस्टमास्तरांकडं एकच पाटी, सुप्रभा.
घर विचारलं की त्यावर लिहून दाखवायचे.
मी मान हलवायचो, लगेच दुसरं विचारायचो.
दुपारी दोन्ही पत्रं एकाच दारात.
त्या बाईनं घेतली बी दोन्ही."

"मग?"

"मग काय. पहिलं वहीत उतरवायचं, मगच दुसऱ्याला तोंड उघडायचं."

मॅन्युअल उघडलं. तळाशी बारीक अक्षरात हेच:
परत दिलेली जागा स्टॅटिक,
पुढची हाक ती पुसू शकते.
माझ्याकडे दोन बोटं होती,
दोन्ही एकाच पाटीकडे दाखवलेली.

वहीवर भागलं असतं.
पण हात घातलाच होता, तर सगळं गेटअ‍ॅड्रइन्फोवर नेलं.
ते दर वेळी नवं पेव खणून देतं,
आत पत्त्यांची माळ, प्रत्येकाला पुढचा बांधलेला,
शेवटच्याच्या हातात नल.
एकेक दार ठोठवायचं, उघडलं की थांबायचं.
आणि काम झालं की पेव आपल्या हातानं बुजवायचं,
नाहीतर प्रोग्रॅम सकाळी पळतो
आणि दिवेलागणीला धापा टाकतो.

चुकाही दोन जातीच्या.
एक म्हणते, आत्ता सांगता येत नाही, पुन्हा विचार.
दुसरी म्हणते, असं नाव नाही.
मी आजवर दोन्हींना एकच ओळ छापत होते.

हे ऐकून चाचांनी कप खाली ठेवला.
"घर बंद आणि माणूस गेला,
दोन्हीला एकच शिक्का मारत होतीस?"

चारला चालवलं. राजापुरी लागलं.
सेलम दोनदा म्हणालं पुन्हा विचार, मग लागलं.
व्हॅलग्राइंडनं सांगितलं: गळती शून्य बाइट.

खाली हिंगोलीचा ट्रक येऊन थांबला.
"चौगुल्यांचं दुकान?"
"कुठल्या चौगुल्यांचं?"
ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर नुसतं आडनाव.

"मग ऐक. पहिले जिनगोंडा, पाण्याच्या टाकीशेजारी.
शटर बंद असलं तर अण्णाप्पा, मागची गल्ली.
ते नसले तर वज्रकांत, माडीवर हाक मार, खाली ऐकू येत नाही.
आणि शेवटचे देवगोंडा, हरिपूर रोड, पेवांच्या अलीकडं."

ट्रक वळला.
मी कठड्यावरून म्हटलं, चाचा,
देवगोंडांचं दुकान पुरानंतर उघडलंच नाही. आणि ते स्वतः तर...

"ठाऊक हाय की. खांद्याला मी होतो."

"मग?"

काठीनं त्यांनी पायाजवळची हळद बाजूला सारली.
"नाव विचारलं तर यादी पुरी सांगायची," म्हणाले,
आणि पुढच्या ट्रकसाठी फाटक उघडायला गेले.