शिडी लागेल तिथून वर

पिशव्यांत लावलेल्या तेरा बियांतून
एकही उगवली नाही.
खत घातलं, गोणपाटाची सावली धरली,
बोरी नदीचा गाळ आणून चाळला.
भोकर काही मनावर घेईना.

मग टाकीचं पाणी ठिबकतं तिथे,
फुटक्या फरशीच्या सांध्यातून,
एक पान वर आलं.
वरच्या तारेवर बसणारा बुलबुल
पोच न घेताच रजिस्टर देऊन गेला,
पोस्टातला माणूस यापलीकडे काय म्हणणार.

एकतीस वर्षं अमळनेरात टपाल पाहिलं.
गोंदाच्या वाटीत बुडालेलं बोट
अजून झोपेत अंगठ्याला चिकटतं.
त्याच्याही आधी हाच चीक होता:
पिकलं भोकर दाबायचं,
पतंगाच्या कामटीवर ओढायचं.
तो पतंग कटला,
पण उकलला नाही.

सातव्या वर्षी झाड धाब्याच्या वर गेलं.
फुलं पांढुरकी, सांगण्यासारखी नाहीत;
माशांना मात्र सांगावं लागलं नाही.
कुमुदने बरण्या घासून उन्हात ठेवल्या
आणि वाटणी करून टाकली:
हाताला येईल ते लोणच्याचं,
शिडी लागेल तिथून वर
त्यांचं.

शेजारच्या बोरसेंची पांढरी गाडी
नेमकी फांदीखाली.
"आप्पा, हाई झाड तोडी टाका,
मनी गाडी चिकट व्हई गयी!"
मी बादली घेतली, फडकं घेतलं.
मेअखेर ते जूनभर रोज सकाळी
काचेवरच्या बिया खरवडतो.
बोरसे पडद्याआडून बघतात.
बोलत नाहीत.

परवा दुपारी पारा पंचेचाळीस,
गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.
झाडात वारा नसताना पानं हलली.
मी चष्मा पुसला.
एक पान सरकलं,
पिवळ्या पायांनी.
हरियाल.
सात मोजले, मग नऊ,
मग पानं आणि पक्षी यांचा हिशेब
एकमेकांत गेला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
शिल्लक जुळली नाही याचं
काही वाटलं नाही.

कुमुद ओट्यावरून म्हणाली,
वरची फळं काय टपोरी आहेत हो,
एक बरणी अजून सहज झाली असती.
पुढच्या वर्षी बघू, मी म्हणालो.

शिडी काल भंगारवाल्याला दिली.
तिला अजून सांगितलेलं नाही.