डावा अंगठा

माझा उजवा अंगठा माझा.
डावा द्वारकाआत्येचा.
रोज सकाळी आठला पाच कमी असताना
मी दोनदा कामावर येते.

तन्वेशशेठना हे माहीत नाही.
त्यांच्या आजोबांनी, दाजीशेठनी,
वेंगुर्ल्याच्या या चढावर पत्र्याखाली काजूचा कारखाना टाकला
तेव्हा हजेरी म्हणजे तराजू.
जितका गर तितके पैसे,
आणि पारड्याखाली चिकटवलेली चिंच
सगळ्याजणींना ठाऊक असलेली.
मग त्यांच्या मुलाने मस्टर आणलं,
शाईची डबी, जांभळे अंगठे ओळीने.
शाई कुणाला विचारत नसे, तू कोण.

तन्वेशशेठ पुण्याहून शिकून आले
आणि दाराशी यंत्र लागलं.
म्हणाले, सायशा, तू बीकॉम, तूच नोंदव सगळ्यांना.
बासष्ट बायका.
वीस-बाविशीच्या पोरी झटक्यात हिरव्या झाल्या.
द्वारकाआत्येने नऊ वेळा अंगठा ठेवला.
'कृपया पुन्हा प्रयत्न करा', नऊ वेळा,
बाईच्याच आवाजात, अगदी अदबीने.
तिने पदराला पुसला, थुंकी लावली,
उजेडात धरून बघितला.
'माझो आंगठो खंय गेलो गे?'

मी हातात घेऊन पाहिला.
चाळीस वर्षं बी फोडताना उडालेल्या तेलाने
एकेक रेघ खाऊन टाकलेली,
राख लावली तरी, एरंडेल लावलं तरी.
उकडलेल्या बीसारखा काळपट, गुळगुळीत.

माझी आई या तेलाला भिऊनच पळाली.
सहाच्या गाडीने मोपाला जाते, विमानतळाच्या फरशा पुसते,
तिथलं यंत्र तिला पहिल्या फटक्यात घेतं.
भाऊ मालवणात पर्यटकांना हात धरून
पाण्याखाली नेतो, मासे दाखवतो.
आजोबा तेच मासे वर काढायचे.
भावाचा पगार लोकांनी फोनवर दिलेल्या ताऱ्यांवर.
'तारे मोजून पगार?' द्वारकाआत्या म्हणाली,
'बरां आसा. ढग इले तर?'

माझ्या कॉलेजची तिन्ही वर्षांची फी
तिने सोसायटीतून उचललेली,
याच अंगठ्यावर, जांभळ्या.
म्हणून मी डावा पुढे केला.
एवढंच.

मिरगात ती विहिरीवर घसरली, कंबर धरली.
दोन महिने घरी.
तेवढे दिवस माझा डावा हातही रजेवर.
नारळी पुनव झाल्यावर आली,
दाराशी थबकली, म्हणाली, 'बघ गे एकदा.'
मी तिचं नाव नव्याने उघडलं.
यंत्र क्षणभर गप्प.
मग हिरवं.
'धन्यवाद, द्वारका मठकर.'

'वळखल्यान गे! माका वळखल्यान!'
फोडायच्या टेबलांवरून बायका उठून आल्या,
काळ्या हातांनी तिच्या पाठीला न शिवता
नुसत्या भोवती उभ्या राहिल्या.
तिने पुन्हा ठेवला, पुन्हा,
नातवाचा गाल दाबावा तसा.
मला हसू आलं, मग येईना.
दोन महिने एकही बी फोडली नाही
तेव्हा कुठे ती कामगार म्हणून सापडली.

दसऱ्यापर्यंत परत पुसली गेली.

तन्वेशशेठ सांगतात, पुढच्या वर्षी
चेहरा ओळखणारं आणू.
तिने मला हळूच विचारलं,
'चेहऱ्याक तेल नाय ना लागत?'
मी म्हटलं, नाही.
त्याच गाडीतून बी फोडणारं यंत्रही येणार आहे,
कोटेशन मीच टाईप केलंय,
ते मी बोलले नाही.

आत्ता आठला पाच कमी.
आधी डावा ठेवते.
ती वयाने मोठी.