भाग सातवा

लक्ष्मीपुरीत, पत्र्याच्या दुकानाच्या माडीवर
आम्ही चौघं कार्टून काढतो.
खाली दिवसभर हातोडा. आवाज घ्यायचा
तर दुपारी एक ते दोन,
मिस्त्री जेवायला बसला की.

गोष्ट एका रेडकाची, ढब्बू त्याचं नाव,
आणि त्याच्या पाठीवरच्या म्हाताऱ्या बगळ्याची.
सहा भाग दोघं पंचगंगेच्या काठानं हिंडले.
सातव्यात बगळा नाही.

'उडून गेला' नको, जुवेरिया म्हणाली,
पोरं वर बघत बसतात.
'झोपला' तर नकोच नको.
मग लिहिलं: मेला.
कागदावर फार बारीक दिसली दोन अक्षरं.

बगळा मीच काढला होता.
आता मीच काढायचा.
अवघड काही नसतं त्यात.
थराच्या शेजारी एक डोळा असतो, बारका,
तो मिटला की सगळ्या चौकटींतनं पक्षी जातो.
फाईलचं वजन मात्र तेवढंच राहतं.

मिटला.

ढब्बू चालतच होता,
पाठ हलू न देता,
चिखलात खूर आधी टेकवून बघत,
वरचा पडू नये म्हणून
पहिल्या भागात मी बसवलेली चाल.

संग्राम म्हणाला, आता ओझं न्हाई की,
जरा मोकळा सोड त्याला.

अण्णांना आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला न्यायची मी,
मोपेडवर, मागं बसवून.
खांद्यावर त्यांचा हात,
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवलेला,
शेवटी शेवटी ओढणीएवढा हलका.
दसरा चौकाअलीकडच्या स्पीडब्रेकरवर
दोन्ही पाय टेकवत, सावकाश.
मागचे रिक्षावाले काय काय म्हणायचे.

दोन वर्षं झाली.
काल दूध आणायला निघाले,
तिथंच पाय टेकले.
मागनं हॉर्न.

चाल बदलली नाही मी.

बावड्याच्या शाळेत दाखवला भाग.
रडलं कुणी नाही.
एकाचे शेंगदाणे सांडले, ते वेचण्यात
अर्धी रांग खाली वाकली, नेमकं तेव्हाच.
बाई म्हणाल्या, विचारा काही विचारायचं तर.

मागचा एक उठला, चड्डी वर ओढत.
"बगळा मेलाय न्हवं,
मग आता ढब्बूचे गोचीड
कोण काढणार ओ?"

संग्रामनं माझ्याकडं बघितलं.
मी जुवेरियाकडं.