चुन्यात राहिलेला टाकणखार

वागळे इस्टेटमध्ये, कारखान्याच्या पोटमाळ्यावर
एकतीस वर्षं मी दगड घासले.
दगड इतका पातळ करायचा
की त्यातून पेपरातली अक्षरं वाचता यावीत. तीस मायक्रॉन.
पुढे गेलं की दगड संपतो,
अलीकडे थांबलं की नुसता अंधार.

ठाण्याला चुनखडी नाही.
येऊर घ्या, पारसिक घ्या, पहार घालाल तिथे काळा कातळ.
चुना यायचा तो खाडीच्या शिंपल्यांचा,
भट्टीत भाजलेला,
इनासच्या आजीच्या डबीत, पानापुरता.
म्हणून तो पांढरा तुकडा कापसात गुंडाळून आला
तेव्हा सगळे टेबलाशी जमले,
नवं बाळ बघायला जमावं तसे.

हेमाडी मॅडम म्हणाल्या, हा नुसता संगमरवर नाही.
याच्या शेजारी वितळलेला खडक येऊन थांबला होता.
आत नाही आला. उंबऱ्याशीच.
त्याच्या धगीनं चुनखडीचा श्वास सुटला,
आणि मागाहून एका चिरेतून पाणी शिरलं.
पाणी कसलं, वाफच ती,
तिच्यात बोरॉन.
"म्हणजे टाकणखारातला?"
"तोच."

तो माझ्या ओळखीचा होता.
जांभळी नाक्याच्या दुकानात बाबा
डाग द्यायच्या जागी त्याची चिमूट ठेवत,
फुंकणी ओठात, ज्योत वाकडी.
खार लाहीसारखा फुगायचा, मग काचेचा थेंब,
थेंब सांध्यावरून पळायचा, सोन्याला सोनं भेटायचं,
आणि खार?
चिंचेच्या पाण्यात उकळून धुऊन टाकायचे.
"यानं वाट मोकळी करायची," बाबा म्हणत,
"राहायचं नाही."
उरलेल्याची लाही मधात घोटून
धाकट्याच्या जिभेला लावली होती, तोंड आलं तेव्हा.

खडकातही बोरॉन असाच फिरस्ता.
वाळू भेटली, चिकणमाती भेटली की त्यांच्याकडे उतरतो,
लांबट काळा स्फटिक होतो. तसले पुष्कळ.
इथे दोघीही नव्हत्या.
चारी बाजूंनी चुना.
मग त्यानं चुन्याशीच घरोबा केला.
"असा योग फार थोड्या ठिकाणी,"
मॅडमनी बोटं मोजली. एकाच हाताची.

पुढचं मला जास्त आवडलं.
सगळं निवत असताना पुन्हा पाणी येतं.
पहिल्या खनिजात थोडं मुरतं, त्याचं नाव बदलतं.
आणखी मुरतं, आणखी एक नाव.
कॅल्शियम तेच, बोरॉन तोच.
माझ्या तिन्ही बहिणींना मी त्या संध्याकाळी
माहेरच्या नावानं पत्रं लिहिली.
माझं नाव बदलायची वेळ आली नाही.

पहिली चकती मी सवयीनं पाण्यात घासली.
रॉकेलमध्ये घासा, असं चिठ्ठीवर होतं.
चिठ्ठी कापसाखाली राहिली.
सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर जिथे तो असायचा
तिथे भोकं. काठ धारदार, आत काही नाही.
पाण्यानं नेला की माझ्या हातानं,
अजून सांगता येत नाही.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.
ओरडल्या नाहीत. वहीत भोकांचे आकार काढले,
एकेक, पेन्सिलीनं, कोन मोजून.
दुसरी चकती रॉकेलमध्ये केली.
बोटांचा वास गुरुवारपर्यंत गेला नाही.

ती पहिली काच माझ्याकडेच आहे.
कळव्याच्या खिडकीत कधी उजेडाला धरते.
पलीकडे खाडी, ओहोटीला कुणीतरी
गुडघाभर चिखलात शिंपल्या काढत असतं.
खाली सोसायटीची पोरं कॅरमवर बोरिक पावडर शिंपडतात,
तळवे चड्डीला पुसतात.
इनास तंबाखूला चुना लावतो
आणि त्याच बोटानं राणी घेतो.

काही होत नाही.
सगळं थंडच असतं.