भरली पेटी, रिकामी पेटी

चोपड्यात उखर्डू मिस्तरीच्या शेडखाली तीन गाड्या होत्या,
तिन्ही दुसऱ्याच्या हातून आलेल्या,
आणि माझ्या कमरेच्या पिशवीत बावन्न हजार,
त्यातले नऊ नणंदेचे.

ॲव्हरेज काय देतात, विचारलं.
तो पान्हा पुसत राहिला.
'ते मंग इचार. पह्यले हाई सांग,
तू गाडी चालाडस कशी?'

हे कुणी विचारलंच नव्हतं.
लग्न ठरताना विचारलं, भाकरी थापता येते का.
लायसन काढताना विचारलं, मालक कुठे आहेत.
मी गाडी कशी चालवते
ते मलाच जरा आठवून बघावं लागलं.

म्हटलं, मी कासारीण.
मागे पेटी, पेटीत दीडशे डझन काच.
अडावद, धानोरा, किनगाव,
बाजार असेल तिकडे.
खड्डा मला डोळ्यांना नंतर दिसतो, पाठीला आधी ऐकू येतो.
पेटी किणकिणली तर बरं चाललंय.
खळ् झालं तर कुणाच्या तरी नशिबाचा हिरवा रंग गेला.
आणि अगदीच गप्प झाली
तर थांबून बघायचं, दोरी सुटलेली असते.

मग पेटी बांधून एकेक गाडी नेली,
अडावदच्या अलीकडच्या नाल्यापर्यंत आणि परत.
मिस्तरीचा पुतण्या गोणपाटावर काचा मोजायला.

एकशेदहाची, लांब सीटची: दोन फुटल्या.
गाय होती गाय.
एकशेसाठची, टाकी पोळ्याच्या बैलाच्या वशिंडासारखी,
मागची सीट अशी चढलेली
की पेटी माझ्या मणक्यावर येऊन बसली: एकोणीस.
पुतण्याला तीच आवडलेली, त्याने अठराच सांगितल्या.
तिसरी एकशेपंचवीस, काळी, टाकीला पोचा,
दोन्ही पाय पुरते टेकतात: सात.

'हाईच तुनी,' मिस्तरीने गायीच्या सीटवर थाप मारली.
माझा हात पिशवीच्या नाडीवर गेलेला.

पण मी त्याला अर्धंच सांगितलं होतं.

संध्याकाळी बाजार उठतो, पेटी हलकी,
समोर चोपड्याकडे कललेलं ऊन,
उजव्या हाताला सातपुडा, दोन्हीकडे केळी,
आणि धानोऱ्यापुढे रस्ता सुतात.
दिवसभर मी बायकांचे हात दाबदाबून
बांगडीच्या मापात बसवलेले असतात.
तेव्हा माझी मूठ सुटते आणि पीळ देते.
जुन्या मोपेडचं चाक पंचेचाळीसला थरथरायचं,
तरी द्यायची.
हे घरी माहीत नाही.

म्हटलं, मिस्तरी, पेटी उतरव. परत एकदा बघते.
'आते काय ऱ्हायनं?'
येणं राहिलं, म्हटलं. जाण्याचंच बघितलं आपण.

आधी गाय नेली. साठला नाक उडवायला लागली,
तिची काही चूक नाही.
मग काळी.
साठला ती बोललीच नाही.
सत्तरला केळीच्या बागा एकमेकींत मिसळल्या
आणि पाठीमागे काहीच वाजेना.
वाजत होत्या त्या माझ्या हातातल्या, सहा-सहा,
वर्षानुवर्षं पेटीच्या आवाजाखाली दबलेल्या.
वळायचा नाला मागे गेला, कळलंच नाही.

परतले तर मिस्तरी शेडच्या बाहेर उभा.
मी नुसतं काळीच्या टाकीवरच्या पोच्यावर बोट ठेवलं.
तो माझ्या विस्कटलेल्या केसांकडे बघून म्हणाला,
'म्हंजे तुम्ही दोन जन्या शेतस.
अन् गाडी एकच लेवानी शे.'

एक्कावन्नला दिली.
उरलेल्या हजारात पुढचं टायर नाही आलं, चेन आली.

सातांचा हिशेब राहिला होता.
जिनिंगवरून दोन किलो कापूस आणला, पेटीत थरांमध्ये पसरला,
शॉकप एक घर नरम करून घेतले,
आणि जाताना मी आहे तशीच चालवते, पाठीने ऐकत.

गेल्या बाजाराला पोचून पेटी उघडली.
तीन.
तीन चालतील.